पाणी अडीच मीटर वाढलं, पण कुणामुळं?

प्रश्न : ताई, मी मराठवाड्यातल्या एका संस्थेत डेटाचं काम बघते, एमए अर्थशास्त्र झालंय. २०२४ च्या उन्हाळ्यात आम्ही सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक कामासाठीच्या, पैशातून १४ गावांत नाला खोलीकरण, तलावातला गाळ काढणं, जुन्या बंधाऱ्यांची दुरुस्ती अशी कामं केली. कामाआधी मे २०२४ मध्ये ७० विहिरींची पाणीपातळी मोजली आणि परत मे २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात मोजली. सरासरी अडीच मीटर पाणी वर आलंय. सरांना रिपोर्टच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात "आमच्या कामामुळे भूजल पातळीत २.५ मीटर वाढ" असं हवंय. मी म्हटलं सर, पाऊसही चांगला झाला होता, तर म्हणाले "तू जास्त शिकलीस हाच प्रॉब्लेम आहे". काम खोटं नाहीये ताई, मी स्वतः पोकलेनच्या शेजारी उन्हात उभी होते. पण ते वाक्य टाइप करताना हात अडतो. नोकरीही हवीय. काय करू?
— एक्सेलमध्ये अडकलेली

उत्तर : अगं अडकलेली, हात अडतोय ते बरंच आहे, ज्यांचा अडत नाही त्यांचे रिपोर्ट वाचण्यात माझी २९ वर्षं गेली. आकड्यांच्या सरकारी खात्यात होते मी, आणि आधी माझीच एक गोष्ट सांगते म्हणजे मी तुला वरून उपदेश करतेय असं वाटणार नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका शेती योजनेचा अहवाल मी लिहिला होता, ज्वारीचं एकरी उत्पादन आधी इतकं, नंतर तितकं, वाढ अमुक टक्के, श्रेय योजनेला. साहेब खूश. पुढच्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला, तोच तक्ता, तेच कॉलम, उत्पादन खाली. गावातल्या बैठकीत एक म्हातारे शेतकरी उठले आणि शांतपणे म्हणाले, "मग बाई, औंदा तुमच्या योजनेनं आमची ज्वारी कमी केली म्हणायची का?" सगळे हसले, मी पण हसले, पण रात्री झोप लागली नाही. त्यांनी एका वाक्यात जे विचारलं ते मला नंतर जाड जाड पुस्तकांत सापडलं.

तर तुझ्या सरांना पटवायचं असेल तर "हे संख्याशास्त्रीयदृष्ट्या चूक आहे" असं अजिबात म्हणू नकोस, तो दरवाजा त्यांनी आधीच बंद केलाय. त्यांना एवढंच विचार की सर, पावसाचं श्रेय आपण यंदा घेतलं, मग ज्या वर्षी पाऊस पडणार नाही त्या वर्षी पातळी तीन मीटर खाली गेली तर त्याचं खापर घ्यायला पण आपणच का? फंडिंग देणारे तेव्हा हाच रिपोर्ट काढून समोर ठेवतील. माझ्या अनुभवात हा प्रश्न चालतो, कारण तो तत्त्वाचा नाहीये, पुढच्या वर्षीच्या चेकचा आहे.

आता तुझ्या अडीच मीटरकडे येऊ. २०२३ चा पावसाळा आठव, मराठवाड्याचं काय झालं होतं, ऑक्टोबर संपता संपता सरकारनं राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. म्हणजे तुझं मे २०२४ चं रीडिंग हे दुष्काळानंतरच्या उन्हाळ्याचं, विहिरी तळाला गेलेल्या असतानाचं. २०२४ ला पाऊस चांगला झाला. म्हणजे तुम्ही एक फावडंसुद्धा मारलं नसतं तरी मे २०२५ ला पाणी वरच असतं. शिवाय एक गोष्ट तू सहज लिहून गेलीस, "मे २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात". अगं त्या मेमध्ये काय पाऊस झाला! अवकाळीनं महिनाभर झोडपलं आणि २६ मेला तर मान्सून मुंबईत पोचला होता. आपल्याकडच्या काळ्या पाषाणातल्या उथळ विहिरी अशा पावसाला लगेच दाद देतात, आणि वरून पाऊस पडला की शेतकरी मोटर बंद ठेवतो, म्हणजे उपसा पण थांबला. तेव्हा तुझ्या अडीच मीटरमध्ये २०२४ चा पावसाळा आहे, मे २०२५ चा अवकाळी आहे, बंद मोटरी आहेत आणि कुठंतरी तुमचं काम पण आहे. प्रश्न फक्त कुणाचा वाटा किती एवढाच आहे.

आणखी एक गंमत असते ती लोकांच्या लक्षात येत नाही. ही १४ गावं तुम्ही निवडलीत कशी? मी पैज लावते की जिथं टँकर चालू होते, जिथली परिस्थिती सगळ्यात वाईट होती तीच घेतली असणार, आणि घ्यायलाही तीच हवीत. पण सगळ्यात वाईट वर्षी सगळ्यात वाईट दिसणारी गावं निवडली की पुढच्या वर्षी ती आपोआप थोडी बरी दिसतात. वर्गात चाचणीत सगळ्यात कमी मार्क पडलेल्या दहा पोरांना घे, त्यातल्या दोघांना त्या दिवशी ताप होता, एकानं पेपरच उलटा वाचला, पुढच्या चाचणीत यांचे मार्क वाढणारच, मग मधे तू क्लास लाव नाहीतर नुसता अंगारा लाव. निम्मे क्लासवाले आणि सगळे बुवा यावरच जगतात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते आणि आपण कावळ्याचा सत्कार करतो.

मग करायचं काय? "आधी किती होतं आणि नंतर किती झालं" हा प्रश्न सोडून "काम झालं नसतं तर किती झालं असतं" हा विचारायचा. ते तर दिसत नाही, म्हणून ज्यांच्याकडं काम झालं नाही पण बाकी सगळं सारखं आहे अशी गावं शोधायची. सगळी विद्या एवढ्यातच आहे, बाकी त्याच्या भानगडी.

याचं माझं आवडतं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे, गडचिरोलीचं. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेनं ३९ गावांत बायकांना शिकवून आरोग्यदूत केलं, घरी जाऊन नवजात बाळ बघायचं, जंतुदोष ओळखायचा, वेळ पडली तर इंजेक्शनसुद्धा द्यायचं. काम सुरू होण्याआधी, १९९३ ते ९५ मध्ये, या गावांत हजारी ६२ नवजात बाळं दगावत होती. तिसऱ्या वर्षी, १९९७-९८ मध्ये, हा आकडा २५.५ वर आला. आता तुझे सर असते तर इथंच थांबले असते, आणि टीका करणारा म्हणाला असता की अहो तेव्हा देशभर सुधारणा होतच होती, रस्ते आले, दवाखाने आले. पण बंगांनी पहिल्या दिवसापासून शेजारची ४७ गावं नुसती मोजायला ठेवली होती. तिथं आधी ५७.७ होते आणि तिसऱ्या वर्षी ५९.६. म्हणजे तिथं काहीच हललं नाही, उलट चिमूटभर वाढलं. आता वजाबाकी कर, एकीकडं ३६.५ ची घट, दुसरीकडं १.९ ची वाढ, दोन्हीतला फरक ३८.४, म्हणजे ६२ च्या मानानं साधारण ६२ टक्के घट जी दुसऱ्या कशावर ढकलता येत नाही. १९९९ मध्ये हे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि २०११ पासून केंद्र सरकारनं आशाताईंमार्फत घरोघरी नवजात बाळ बघायचा कार्यक्रम देशभर नेला. मला नेहमी वाटतं की या गोष्टीत त्या ४७ गावांचं श्रेय कुणी देत नाही. तिथं कुणी काही केलं नाही, फक्त जन्म आणि मृत्यू प्रामाणिकपणे लिहिले, आणि त्यामुळं बाकीच्यांचं काम खरं ठरलं. (गावं काही चिठ्ठ्या टाकून वाटलेली नव्हती हे खरं, पण सुरुवातीचे आकडे जवळजवळचे होते आणि ते दोन वर्षं आधीपासून मोजलेले होते, म्हणून तुलनेला वजन आलं.)

आता उलटं उदाहरण, ते तर तुझ्याच विषयातलं. जलयुक्त शिवार २०१४ च्या डिसेंबरात सुरू झालं, दरवर्षी ५००० गावं टंचाईमुक्त करायची म्हणून. २०२० मध्ये कॅगचा, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या यंत्रणेचा, अहवाल आला, की ९,६३३ कोटींवर खर्च होऊनही भूजल पातळी वाढण्यात आणि गावं पाण्यापुरती स्वयंपूर्ण होण्यात फारसा फरक दिसला नाही. त्यावर जे राजकारण झालं ते तू बघितलंच असशील, एक बाजू म्हणे पैसे पाण्यात गेले, दुसरी म्हणे अमुक गावात जाऊन बघा, विहिरी तुडुंब आहेत. माझं मत विचारशील तर दोन्ही बाजू एकच चूक करत होत्या, पाऊस कमी पडलेल्या वर्षाकडं बोट दाखवून योजना फसली म्हणायचं किंवा भरपूर पडलेल्या वर्षाचा फोटो दाखवून यशस्वी झाली म्हणायचं. सुरुवातीपासून प्रत्येक तालुक्यात काम न झालेली थोडी गावं ठरवून मोजली असती तर इतकी वर्षं भांडायला काही उरलंच नसतं. कदाचित म्हणूनच मोजली नसतील, असो.

तुझ्याकडं अजून वेळ आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी गावोगाव आहेत, त्यांची रीडिंग्ज वर्षातून चार वेळा होतात, सप्टेंबरअखेर, जानेवारी, मार्च आणि मे. जिल्ह्याच्या वरिष्ठ भूवैज्ञानिकांच्या ऑफिसात जा, अर्ज दे, गोड बोल, मिळतं. (ते लोक स्वतः यंदाची पातळी मागच्या ५ वर्षांच्या सरासरीशी लावून बघतात, गेल्या एका वर्षाशी नाही, हे सरांना मुद्दाम सांग.) त्यातून तुमचं काम न झालेली १४-१५ गावं काढ. पण कुठलीही नको. पाऊस सारखा हवा, म्हणजे शक्यतो त्याच महसूल मंडळातली नाहीतर लागून असलेली, मंडळाचा पाऊस महारेन या सरकारी वेबसाइटवर मिळतो. जमीन सारखी हवी. आणि हे महत्त्वाचं, तुमच्या नाल्याच्या खालच्या अंगाची गावं घेऊ नकोस. तुम्ही वर पाणी अडवलं आणि खालच्या गावाचं त्यामुळं कमी झालं असेल तर तुलनेत तुमचं काम दुप्पट चांगलं दिसेल, आणि ते कसलं श्रेय, ती तर चोरी झाली ना. उलट झिरपून खाली गेलं असेल तर काम आहे त्याहून कमी दिसेल. दोन्हीकडून घोळ, म्हणून पाणलोट वेगळं हवं.

मग समज, नुसतं समज हं, की त्या गावांत त्याच काळात पाणी १.९ मीटर वाढलंय. तर तुमच्या कामाच्या नावावर २.५ वजा १.९, म्हणजे ०.६ मीटर. मे महिन्यातला अवकाळी दोन्हीकडं पडला होता, तो पण आपोआप वजा झाला, मात्र रीडिंगच्या तारखा आसपासच्या हव्यात. एक तपासणी यात कधी सोडू नकोस, २०१९ ते २०२३ ची जुनी रीडिंग्ज घेऊन दोन्ही गटांचा ग्राफ काढ. काम नसतानाच्या वर्षांत दोन्ही रेषा बरोबरीनं वरखाली होत असतील तर तुलना ठीक. तेव्हापासूनच एक रेषा वेगळी पळत असेल तर गावं बदल, आणि बदललीस हे रिपोर्टमध्ये लिही.

सर म्हणतील ०.६ म्हणजे अगदीच चिल्लर. नाहीये! जवळजवळ दोन फूट होतात, आणि मे महिन्यात विहिरीत दोन फूट पाणी जास्त असणं म्हणजे काय हे मराठवाड्यातल्या माणसाला मी कशाला सांगू.

आता हे ०.६ नशिबानं तर आलं नाही ना, हे कसं बघायचं? तू लगेच सॉफ्टवेअर उघडून ७० विहिरी टाकशील आणि पी-व्हॅल्यूला (असा फरक नुसत्या योगायोगानं पडण्याची शक्यता सांगणारा आकडा) तीन चांदण्या येतील, म्हणजे निकाल अगदी पक्का दिसेल, थांब. आपण म्हणतो शितावरून भाताची परीक्षा, ती खरी आहे पण एका पातेल्यातल्या भाताची. तुझ्याकडं ७० शितं आहेत पण पातेली १४ च आहेत. एका गावातल्या पाच विहिरी एकाच पावसावर, एकाच नाल्यावर, बऱ्याचदा एकाच खडकावर असतात, त्या पाच वेगळ्या साक्षी नव्हेत, एकाच घरातल्या पाच जणांनी दिलेली एकच साक्ष आहे. म्हणून गावाची सरासरी काढ आणि गाव हेच एकक धर. मग तुझी १४ आणि तुलनेची १४, अशा २८ चिठ्ठ्या कर, प्रत्येकीवर त्या गावातली वाढ. सगळ्या एका डब्यात टाकून हलव, आंधळेपणानं १४ काढ, त्यांची सरासरी आणि उरलेल्यांची सरासरी यातला फरक लिहून ठेव. हे १००० वेळा कर, हातानं नाही गं, एक्सेलमध्ये होतं. नुसत्या चिठ्ठ्यांच्या खेळातच ३०० वेळा ०.६ किंवा त्याहून मोठा फरक पडत असेल तर गप्प बसायचं, काही सिद्ध होत नाही. १०-१५ वेळाच पडत असेल तर छाती काढून लिही. आणि हा खेळ सरांच्या समोर कर, कुठल्याही फॉर्म्युल्यापेक्षा लवकर पटतो.

कोरड्या विहिरींचं काय केलंस ते पत्रात नाहीये, आणि तिथंच पाणी मुरतं बहुतेक वेळा. रीडिंग घेणारा मुलगा "कोरडी" लिहितो, एक्सेलमध्ये तो कॉलम रिकामा राहतो आणि सरासरीत ती विहीर धरलीच जात नाही. २०२५ ला कोरड्या असलेल्या विहिरी गळल्या असतील तर तुझे अडीच मीटर फुगलेले आहेत. कोरडी हे पण रीडिंगच आहे बाई, पाणी निदान तळाच्या खाली आहे असं ते सांगतंय, तेव्हा तळाची खोली तरी टाक आणि अशा विहिरी किती होत्या ते वेगळं लिही.

आणि खरं सांगू का, मला पातळीवर एवढा भरवसाच नाहीये. पाणी आलं की माणूस गप्प बसतो का? दोन बोअर जास्त घेतो, एक एकर ऊस लावतो. मग काम शंभर टक्के यशस्वी होऊनसुद्धा मे महिन्यात पातळी होती तिथंच, कारण ते पाणी शेतात गेलं. म्हणून पातळीच्या जोडीला तहसीलमधून टँकरच्या नोंदी काढ, कुठल्या गावात पहिला टँकर कुठल्या तारखेला लागला आणि किती दिवस चालला, आणि तलाठ्याच्या पीकपेऱ्यातून रब्बी किती एकर झाली ते घे. दोन्ही गटांचं. टँकर पंधरा दिवस उशिरा लागला हे कुठल्याही कंपनीच्या माणसाला मीटर-सेंटिमीटरपेक्षा पटकन कळतं. फक्त एक पथ्य पाळ, काय काय बघणार हे आधीच कागदावर लिहून सरांची सही घे. नाहीतर दहा गोष्टी मोजायच्या आणि चांगली दिसेल ती पहिल्या पानावर लावायची हा धंदा सुरू होतो, आणि तो तुझ्या नकळत तुझ्याकडूनही होईल, माझ्याकडून झालाय.

पुढच्या वर्षी काम वाढणार असेल तर एक सुचवते. समज २० गावांचे अर्ज आलेत आणि पैसा १० पुरता आहे. निवडायला तर लागणारच, मग सगळ्यांसमोर चिठ्ठ्या टाका. सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत आपल्याकडं लहान पोराच्या हातून काढतात तशी. बाकीच्या १० ना त्याच्या पुढच्या वर्षी. वशिल्याचा आरोप येत नाही आणि तुलनेचा गट आयता मिळतो. महिला प्रधानांच्या (म्हणजे आपल्याकडच्या सरपंचांच्या) आरक्षणाचा असाच फायदा घेऊन चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो या अभ्यासकांनी बंगालमधल्या बीरभूम आणि राजस्थानातल्या उदयपूरमध्ये अभ्यास केला होता. कुठलं पद राखीव हे कुणाच्या मर्जीवर नव्हतं, म्हणून स्वच्छ कळलं की बाई प्रधान असली की पिण्याच्या पाण्यावर जास्त काम होतं. मेक्सिकोनं तर प्रोग्रेसा नावाची गरीब घरांना पैसे द्यायची योजना आणताना ५०६ गावं घेतली, ३२० मध्ये आधी, १८६ मध्ये नंतर, आणि मधल्या काळात नीट मोजून घेतलं. सरकार बदललं तरी योजना टिकली, त्यात या मोजणीचा मोठा हात होता असं मानतात.

नोकरीचं बोलू आता. तू नोकरी सोडावीस असं मी सांगणार नाही, आणि सरांच्या अंगावर जावंस असं तर नाहीच. पहिल्या पानाचं वाक्य तूच लिहून दे, तयार वाक्य समोर असलं की माणसं निम्म्या वेळा तेच घेतात. असं लिही : "१४ गावांतील विहिरींची मे महिन्याची पाणीपातळी वर्षभरात सरासरी २.५ मीटरने वाढली. याच काळात काम न झालेल्या शेजारच्या गावांतही पावसामुळे वाढ झाली. ती वगळता आमच्या कामामुळे झालेली वाढ सुमारे इतकी आहे." २.५ पण राहिले, सरांचं मन पण राहिलं, आणि "इतकी" च्या जागी जे येईल ते तू रात्री झोपेत पण सांगू शकशील. एवढं करूनही त्यांनी तुझं वाक्य खोडून आपलं टाकलं तर तुझी नोट, तारखेसकट, ईमेलनं त्यांना पाठवून ठेव, एका ओळीत, राग न दाखवता. सही त्यांची, जबाबदारी त्यांची.

समजा वजाबाकी करून शून्यच आलं, तर? येऊ शकतं, त्याची तयारी ठेव. मग गावागावाचं वेगळं काढून बघ, गाळ काढलेली गावं आणि नाला खोलीकरणाची गावं यात फरक दिसतो का. १४ गावांवर पक्कं काही म्हणता येणार नाही, पण पुढचा पोकलेन कुठं लावायचा याचा अंदाज येईल.

आणि सप्टेंबरअखेरचं रीडिंग चुकवू नकोस. जाताना ऑइल पेंटचा लहान डबा ने आणि प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर जिथून टेप सोडता तिथं लाल खूण कर. मागच्या वेळी रीडिंग घेणारा मुलगा दुसराच होता असं असेल तर आधी हे विचार की तो कठड्यावरून मोजत होता का जमिनीवरून, तुझ्या अडीच मीटरमधले दोन-अडीच फूट तर तिथंच सापडायचे.